बुलडोझरच्या आधी: बचाव उत्खननात विद्यार्थ्यांचं काम नेमकं काय असतं

एखाद्या जमिनीवर इमारत, रस्ता किंवा जलाशय होणार असतो आणि तिच्या पोटात जुन्या वस्तीचे अवशेष आहेत असं कळतं. मग दोनच वाटा उरतात. आराखडा बदलून अवशेष आहेत तिथेच झाकलेले राहू द्यायचे, किंवा काम सुरू होण्याआधी ते पद्धतशीर उकरून त्यांची नोंद करून घ्यायची. पहिली वाट केव्हाही बरी. ती जमत नाही तेव्हा जे करतात त्याला बचाव उत्खनन म्हणतात. नावात बचाव असला तरी जागा वाचत नाही. ती आधी आपणच उकरून संपवतो आणि उरलीसुरली यंत्रं संपवतात. वाचते ती नोंद. म्हणून अशा खोदाईवर येणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती कुदळीइतकीच पेन्सिलही असावी लागते.

विद्यार्थ्यांना मैदानावर शिकवण्याची पद्धत नवी नाही. मॉर्टिमर व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाल्यावर 1944 साली तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षणवर्ग घेतला आणि थरांप्रमाणे खोदण्याची शिस्त तिथल्या विद्यार्थ्यांना लावली. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात 1954 ते 1960 या काळात मोठं उत्खनन झालं. तिथल्या इक्ष्वाकू राजांच्या राजधानीतल्या काही वास्तू उचलून उंचावर पुन्हा उभारल्या गेल्या, बाकीचं खोरं बुडालं. लंडनमध्ये 1989 साली एका कार्यालयीन इमारतीच्या जागेवर सोळाव्या शतकातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये मार्गदर्शक धोरण आलं. बांधकामाची परवानगी देतानाच पुरातत्त्वाचा विचार करायचा आणि तपासणी-उत्खननाचा भार बांधकाम करणाऱ्यानं उचलायचा, असा त्याचा रोख होता. पुरातत्त्वीय वारशाच्या रक्षणासाठीच्या 1992 च्या व्हॅलेटा करारानं युरोपभर हीच दिशा धरली. अमेरिकेत 1966 च्या कायद्यामुळे केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणाऱ्या प्रकल्पांना ऐतिहासिक वारशावर काय परिणाम होईल हे आधी तपासावं लागतं.

खोदण्याआधी शोधणं

सुरुवात जुन्या नकाशांपासून आणि हवाई छायाचित्रांपासून होते. मग जमिनीवर चालणं. विद्यार्थी ठरावीक अंतरानं, समजा पाच-पाच मीटरवर, एका रांगेत उभे राहतात आणि सरळ रेषेत चालत खापरं, विटांचे तुकडे, गारगोट्यांच्या कपच्या टिपतात. काम सोपं दिसतं, पण चूक नेमकी इथेच शिरते. नक्षीचं खापर दिसलं की प्रत्येक जण उचलतो, साध्या मातकट तुकड्याकडे दुर्लक्ष करतो. परिणामी नकाशावर वस्तीची जागा न दिसता चोखंदळ विद्यार्थ्याची वाट दिसते. म्हणून एकतर दिसेल ते सगळं उचलायचं किंवा सगळं मोजून जागेवर सोडायचं. गवत किती, ऊन कुठून, जमीन नांगरलेली की नाही, हेही पत्रकावर लिहायचं. ज्या पट्ट्यात काही सापडलं नाही तिथे खरंच काही नव्हतं की गवतामुळे दिसलं नाही, हे नंतर दुसऱ्या कशावरून कळणार नाही.

त्यानंतर चाचणी चर. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. त्यातला चार टक्के भाग तपासायचा तर 400 चौरस मीटर उघडावे लागतात, म्हणजे दोन मीटर रुंद आणि 25 मीटर लांब असे आठ चर. लांबलचक खंदक किंवा भिंत अशा चरांत सहसा सापडते. एकटंदुकटं दफन किंवा खांबांचे विखुरलेले खळगे मात्र दोन चरांच्या मधल्या जागेत बिनबोभाट राहून जातात. ‘चाचणीत काही सापडलं नाही’ आणि ‘इथे काही नाही’ ही दोन वाक्यं एकच मानली की प्रकल्प अर्ध्यावर असताना पंचाईत होते.

यंत्रानं माती काढताना

बचावाच्या कामात वरची नांगरटीची किंवा भरावाची माती हातानं काढायला वेळ नसतो. ती यंत्रानंच काढतात, पण बादली दात नसलेली, सपाट पात्याची लागते. दातांची बादली तळ ओरबाडते आणि त्या चऱ्यांत मातीच्या रंगातला फरक हरवतो. यंत्र मागे सरकत काम करतं, म्हणजे उघडलेल्या पृष्ठभागावर त्याची चाकं किंवा साखळ्या येत नाहीत. एका वेळी पाच ते दहा सेंटिमीटर माती निघते. चालकाला खुणा करणारा माणूस एकच असावा. दोघांनी हात हलवले की चालक कोणाचंच ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

रंग बदलला की थांबायचं. ओलसर मातीत जुन्या खळग्याचा काळा गोल किंवा खंदकाचा पट्टा स्वच्छ दिसतो, पण ऊन लागलं की तासा-दोन तासांत सगळं एकाच फिक्या रंगाचं होतं. ‘उद्या आखू’ म्हणून सोडलेले खळगे उद्या सापडत नाहीत. थापीच्या टोकानं त्यांची कड तिथल्या तिथे ओरखडून घ्यायची, शेजारी क्रमांकाची खुंटी ठोकायची, मगच पुढे जायचं. सुकलंच तर फवारणीच्या पंपानं हलकं पाणी मारायचं. खळग्यात भरलेली माती सहसा जास्त भुसभुशीत आणि सेंद्रिय असते, ओल धरून ठेवते, त्यामुळे आजूबाजूची माती सुकत आली तरी ती काही मिनिटं गडद राहते. तेवढ्या मिनिटांत कड आखायची.

चौरस, बांध आणि घमेली

जिथे थरांवर थर साचलेले आहेत, मराठीत ज्याला पांढरीचं टेकाड म्हणतात तशा जागी, चौरस आखून खोदतात. पाच मीटरचा चौरस घेतला तर त्याचा कर्ण 7.07 मीटर यायला हवा. दोन्ही कर्ण मोजून ते जुळले नाहीत तर सुतळी कितीही सरळ दिसो, चौरस तिरका आहे. कडेनं अर्धा-अर्धा मीटर सोडून आत चार मीटरचा चौरस खोदतात. शेजारच्या चौरसाचा अर्धा मीटर मिळून मध्ये एक मीटरचा बांध उरतो. त्या बांधाच्या उभ्या भिंतीवर थर वाचता येतात, हा व्हीलर पद्धतीचा फायदा. तोटा असा की 25 चौरस मीटरांपैकी नऊ, म्हणजे 36 टक्के जागा बांधांतच अडकते, आणि घराचा कोपरा हमखास तिथेच असतो. म्हणून बचावाच्या कामात पुष्कळदा बांध न ठेवता मोकळं क्षेत्र उघडतात. थरांचा पुरावा मग भिंतीवर ठेवण्याऐवजी प्रत्येक थराच्या कागदावरच्या नोंदीत ठेवावा लागतो.

कामाचा अंदाज घ्यायचा तर चार मीटरच्या चौरसातून दहा सेंटिमीटरचा एक थर काढला की 1.6 घनमीटर माती निघते, वजनानं सुमारे अडीच टन. सुटी झाल्यावर ती फुगते आणि दहा लिटरची जवळपास 200 घमेली भरतात. प्रत्येक घमेलं चाळणीपर्यंत न्यायचं, चाळायचं, ढिगावर टाकायचं. विद्यार्थी सुस्त आहेत म्हणून वेळ लागतो असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करावं. ढीग कुठे घालायचा हेही पहिल्याच दिवशी ठरवलं पाहिजे. आठवड्यानं तोच ढीग खोदायच्या जागेवर बसलेला आढळला तर सगळी माती दुसऱ्यांदा वाहावी लागते.

एका खळग्याची गोष्ट, तळापर्यंत

सगळी पद्धत एका छोट्या उदाहरणात बसते. पिवळसर मातीत 30 सेंटिमीटर व्यासाचा काळसर गोल दिसतोय. बहुधा कधीकाळी इथे लाकडी खांब रोवला होता. विद्यार्थ्याची पहिली ऊर्मी सगळी काळी माती भराभर उपसून सुबक खड्डा करण्याची असते. ती आवरायची.

गोलाच्या मधून दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणायची आणि फक्त अर्धा भाग खोदायचा. थापीनं, पाच-पाच सेंटिमीटरनं, मधून कडेकडे. कड जवळ आली की हाताला कळतं: आतली माती कडेवरून पापुद्रा निघाल्यासारखी सुटते, बाहेरची घट्ट असते. अर्धा भाग रिकामा झाला की समोर उभा छेद दिसतो. तो ओलसर करून पाहिला तर पुष्कळदा एकाच काळ्या मातीच्या जागी दोन माती दिसतात. मधोमध खांबाच्या जाडीचा गडद पट्टा, लाकूड जागीच कुजल्यावर तिथे साचलेली माती. भोवती खांब घट्ट बसावा म्हणून ठासलेली माती आणि दगड. पट्टा वरच्या बाजूला फनेलसारखा पसरट झाला असेल तर खांब कुजलेला नाही, हलवून उपटून काढलाय. घर सोडून दिलं की मोडून सामान नेलं, हा फरक या पट्ट्याच्या आकारात असतो. सगळी माती एकदम उपसली असती तर हे काहीच दिसलं नसतं.

या एका खळग्याला तीन क्रमांक मिळतात. खणण्याची क्रिया, म्हणजे खळग्याची कड, हा एक. ठासलेली माती हा दुसरा. खांबाच्या जागची माती हा तिसरा. अशा प्रत्येक स्वतंत्र घटनेला खोदाईवर कॉन्टेक्स्ट म्हणतात. कड म्हणजे वस्तू नाही, माती नाही, मग तिला क्रमांक कशाला, असा प्रश्न दर तुकडीत कोणीतरी विचारतं. उत्तर असं की खणणं आणि भरणं यांमध्ये एक दिवस गेला असेल किंवा 50 वर्षं. दोन्ही एकाच क्रमांकात घातली तर तो प्रश्नच पुसला जातो.

मग छायाचित्र. उत्तर दिशेचा बाण, मोजपट्टी आणि क्रमांकाची पाटी चौकटीत हवी, थापी, बाटली आणि स्वतःची सावली नको. अर्धं ऊन आणि अर्धी सावली असेल तर चित्र निरुपयोगी ठरतं. दोघांनी ताडपत्री धरून सगळ्यावर सावली करावी. नंतर छेदाचं चित्र 1:10 प्रमाणात, वरून दिसणारा आराखडा 1:20 मध्ये. हे झाल्यावरच उरलेला अर्धा भाग खोदायचा, आणि त्यातली माती नमुना म्हणून घ्यायची.

दोन चुका नेहमीच्या. पहिली, कड न ओळखता बाहेरच्या मातीत शिरणं. 30 सेंटिमीटरचा खळगा 40 चा होतो, आणि अशा दहा खळग्यांवरून काढलेला घराचा आराखडा खोटा निघतो. दुसरी उलटी: मध्येच फिकी माती लागली की तळ आला समजून थांबणं. बऱ्याचदा तो बाजूनं ढासळलेल्या मातीचा पातळ थर असतो आणि खरा तळ अजून खाली असतो. खात्री करायला तळाच्या एका कोपऱ्यात बोटभर खोल पाहावं आणि तसं पाहिल्याचं लिहावं.

उंची आणि नोंदपत्रक

प्रत्येक कॉन्टेक्स्टची वरची आणि तळाची उंची मोजतात. टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र असलं तरी डम्पी लेव्हलवर, म्हणजे तिकाटण्यावरच्या समपातळी दुर्बिणीवर, हात बसलेला बरा. गणित फक्त बेरीज-वजाबाकीचं आहे. कायम खुणेची, म्हणजे उंची आधीच ठरवून ठेवलेल्या पक्क्या जागेची, उंची 100.00 मीटर, तिच्यावर उभ्या केलेल्या मोजदंडावर 1.42 दिसलं, तर यंत्राची उंची 101.42. आता मोजदंड खळग्याच्या तळावर ठेवून 2.67 वाचलं, तर तळ 98.75 मीटरवर. मोजदंड तिरका असला की आकडा खऱ्याहून मोठा येतो आणि तळ खोटाच खोल जातो. म्हणून धरणाऱ्यानं दंड हळूच पुढे-मागे झुलवावा आणि वाचणाऱ्यानं सर्वांत लहान आकडा घ्यावा. वाचलेला मूळ आकडा वहीत लिहायचाच. फक्त उत्तर लिहिलं आणि वजाबाकी चुकली, तर ती चूक नंतर कोणालाही सापडत नाही.

नोंदपत्रकावर मातीचा रंग मन्सेल पुस्तिकेतल्या क्रमांकित रंगपट्ट्यांशी जुळवून लिहितात, उदाहरणार्थ 10वायआर 4/3. माती ओलसर करून, गॉगल काढून. ‘तपकिरी’ एवढंच लिहिलं तर प्रत्येकाची तपकिरी वेगळी असते. मातीचा पोत, त्यात कोळसा किंवा चुनखडीचे खडे किती, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हा थर कशाच्या वर आहे, कशाच्या खाली आहे, कोणी कोणाला कापलंय, हे लिहायचं. या नात्यांतून वंशावळीसारखा तक्ता तयार होतो. एडवर्ड हॅरिस यांनी 1973 मध्ये तो मांडला, म्हणून त्याला हॅरिस मॅट्रिक्स म्हणतात. तो रोज संध्याकाळी जागेवरच भरावा. अमुक थर तमक्याच्या वर आणि खालीही, असा पेच तक्त्यात दिसला तर कुठेतरी चूक झालीय, आणि ती दुरुस्त करायला ती माती अजून समोर असावी लागते.

याच नात्यांवर काळ ठरतो. खड्ड्यातल्या भरावात 1650 सालचं नाणं मिळालं, तर तो भराव 1650 मध्ये किंवा त्यानंतर पडला, एवढंच म्हणता येतं. खड्डा तेव्हाचाच आहे असं नाही, नाणं 100 वर्षं वापरात राहूनही पडलं असेल. त्याच भरावात त्याहून फार जुनी खापरंही निघतील, कारण खड्डा खणताना जुने थर उकरले गेले. आणि वरच्या थरातलं एक अलीकडचं खापर चुकून खालच्या थराच्या पिशवीत गेलं, तर खालचा थर कागदावर एका झटक्यात शतकांनी तरुण होतो. उंदीर-घुशींची बिळं हाच उद्योग न सांगता करतात. म्हणून बीळ दिसलं की आधी तेवढीच माती वेगळी काढून टाकावी.

पिशव्या, चाळणी, पाणी

चाळणीची जाळी सहा मिलिमीटरची असेल तर खापरं अडतात, पण मणी आणि माशांचे काटे खाली जातात. दोन-तीन मिलिमीटरची लावली तर काम कित्येक पट मंदावतं. निदान चुली, राखेचे खड्डे आणि जमिनीच्या पृष्ठभागांवरच्या मातीला बारीक जाळी लावावी. ओली चिकणमाती चाळणीवर हातानं घासू नये, कच्च्या भाजणीच्या खापरांच्या कडा झिजून जातात.

पिशवीत एक चिठ्ठी आणि पिशवीवर तोच मजकूर, असं दोनदा लिहायचं. उन्हानं बाहेरची शाई उडते, ओलीनं आतला कागद गळतो, दोन्ही एकदम सहसा जात नाहीत. खापरं धुवावीत, पण सरसकट नाही. रंग सुटणारं खापर, आत करपलेला थर असलेलं भांडं, धातू आणि भुसभुशीत हाड यांना पाणी लावू नये. वय ठरवणाऱ्या कार्बन-14 चाचणीसाठीचा कोळसा चिमट्यानं किंवा थापीच्या टोकानं उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवतात. कापसात किंवा कागदात नाही, कारण त्यांतही कार्बन असतो, तोही आजचा.

जळून कोळसा झालेली धान्यं मिळवायला कॉन्टेक्स्टमधली साधारण 40 लिटर माती पाण्यात घालून हलवतात. हलके दाणे तरंगून वर येतात आणि पाव मिलिमीटरच्या जाळीत अडकतात, जड माती, हाडं, मणी खालच्या जाळीवर राहतात. दाणे उन्हात वाळवले तर तडकतात. सावलीतच वाळवावेत.

वेळ कमी असतो तेव्हा

यंत्रं ठरल्या तारखेला येतात. सगळं खोदून होणार नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून कशाचा किती भाग खोदायचा हे आधीच ठरवतात. बऱ्याच ठिकाणचा प्रघात असा: लांब खंदकाचा दहाएक टक्के भाग, सुट्या खड्ड्यांचा निम्मा, घराचे अवशेष आणि दफनं पूर्ण. शेवटच्या आठवड्यात घाईनं कुदळी चालवून नोंदीविना वस्तूंचा ढीग जमवण्यापेक्षा निम्मे खड्डे नीट नोंदवणं कितीतरी चांगलं. नोंद नसलेली वस्तू म्हणजे नुसती जुनी वस्तू.

विद्यार्थी वापरून घेण्याचा मोहही याच टप्प्यावर होतो. काहींना महिनाभर फक्त घमेली, काहींना फक्त पिशव्या धुणं. ते शिकवणं नव्हे, आणि कामालाही मारकच, कारण स्वतः न खोदलेल्या खड्ड्याचं पत्रक दुसरा भरतो तेव्हा अर्धं अंदाजानं भरतो. पाच-सहा विद्यार्थ्यांमागे एक जाणता पर्यवेक्षक आणि प्रत्येक जोडीकडे एक खड्डा आखण्यापासून पिशवीपर्यंत, ही वाटणी बरी. कुशल खोदाईकाराच्या तुलनेत ते हळू असतात हे वेळापत्रकातच धरावं.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूस स्वतः बाहेर येऊ शकत नाही. साधारण सव्वा मीटरच्या खाली जायचं तर भिंती पायऱ्यांनी मागे घ्यायच्या किंवा आधार द्यायचा. माती काढून ठेवलेला ढीग काठापासून किमान एक मीटर लांब हवा. यंत्राच्या बाहूच्या टप्प्यात, चालकाशी नजरानजर झाल्याशिवाय, कोणी जायचं नाही. विजेच्या तारा आणि नळ कुठून गेलेत हे आधी तपासायचं, आणि जुन्या कारखान्याची जागा असेल तर मातीत काय मुरलंय तेही. मानवी हाडं लागली की हात थांबवून पर्यवेक्षकाला बोलवायचं. पुढे काय करायचं ते त्या देशाचा कायदा ठरवतो. तोवर हाडं झाकून ठेवायची आणि फोटो काढून कुणाला पाठवायचे नाहीत.

खोदाई संपली तरी मोजणं, वजन करणं, काठाच्या तुकड्यांवरून भांड्याचा व्यास काढणं, चित्रं पक्की करणं, अहवाल लिहिणं, याला खोदाईच्या दुप्पट-तिप्पट वेळ सहज लागतो. तो वेळ आणि पैसा सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरलेला नसेल तर खोकी वर्षानुवर्षं न उघडता पडून राहतात.

जागा ताब्यात देण्याच्या आदल्या दिवशी एक काम राहिलेलं असतं. क्रमांकांची वही समोर घेऊन प्रत्येक क्रमांकासमोर पत्रक, आराखडा, छायाचित्र, उंची आणि पिशवी आहे की नाही हे दोघांनी मोठ्यानं वाचत ताडून पाहायचं. एखादी उंची राहिलेली निघाली तर डम्पी लेव्हल पुन्हा लावून ती त्याच संध्याकाळी मोजायची. सकाळी त्या जागी खड्डाच नसेल.